चिमूटभर तंबाखू आणि एक प्रश्न

...तर सेराफिननं त्या बाईच्या हातात मेंदूची बादली दिली आणि म्हणाली, "उभीच आहेस तर ढवळ."

काल इथंच थांबलो होतो, नाही का? तर ती बाई बिशपच्या कचेरीतली. दक्षिणेकडच्या शहरातून मुद्दाम आलेली आणि तुटकं वल्हं नावाच्या आपल्या तळ्याकाठच्या चिखलात मांजरासारखे पाय झटकत उभी असलेली. सेराफिन कीसिकनं अंगणात मूस हरणाचं कातडं चौकटीवर ताणलं होतं आणि त्याच हरणाचा मेंदू उकडून कोमट पाण्यात कालवला होता. तो कातड्याला चोळल्याशिवाय कातडं मऊ पडत नाही. बाईनं बादलीत पाहिलं आणि तिचा चेहरा सोललेल्या माशासारखा पांढरा झाला.

"हे... हे काय आहे?"

"मेंदू. देवानं प्रत्येक जनावराला आपलं कातडं कमावण्यापुरता दिलेला असतो. माणसांना देताना मात्र हात आखडता घेतलाय कुठंकुठं."

बिचारी ढवळू लागली. ढवळता ढवळता तिनं येण्याचं कारण सांगितलं. बिशपसाहेब स्वतः येणार होते. पाद्र्यांच्या शाळेत आपल्या पोरांचं जे झालं त्याबद्दल माफी मागणार होते. कार्यक्रम जुन्या शाळेच्या जेवणघरात होता. त्या शाळेची तेवढी एकच इमारत अजून उभी आहे आणि हल्ली तिथं शनिवारी बिंगो चालतो. शाळेत शिकलेल्यांपैकी सगळ्यात वयस्कर म्हणून सेराफिननं पुढच्या खुर्चीत बसावं आणि सगळ्यांच्या वतीनं माफी स्वीकारावी, असं ठरलं होतं.

"असं कुणी ठरवलं?"

"समितीनं."

"बरं झालं. माझं मीच ठरवायचं म्हटलं असतं तर फार वेळ गेला असता."

बाईला टोमणा कळला नाही. शहरातल्या माणसांच्या अंगावर टोमणा टाकावा तो पावसाळी कोटावरच्या पाण्यासारखा ओघळून जातो. ती खुशीत म्हणाली, "आणि एक आनंदाची गोष्ट! ब्रदर ओनेझिमनाही आणतोय आम्ही. नव्वदी ओलांडलीय त्यांनी. मुलांवर फार जीव होता हो त्यांचा."

सेराफिनचा कातड्यावर फिरणारा हात थांबला.

"ओनेझिम जिवंत आहे?"

"आहेत तर! मठाच्या वृद्धाश्रमात असतात. कान जरा कमी, पण डोकं अगदी लख्ख."

"येते मी," सेराफिन म्हणाली.

बाईला वाटलं, आपण किल्ला सर केला. बाहीला मेंदू लागला होता तोही तिनं पुसला नाही. तशीच नाचत गाडीत बसली.

आता सेराफिन एवढ्या पटकन का तयार झाली, ते सांगायला थोडं मागं जायला हवं. सेराफिन आठ वर्षांची आणि तिचा भाऊ तेलेस्फोर सहा वर्षांचा असताना शाळेची होडी दोघांना घेऊन गेली. तेलेस्फोर हे नाव पाद्रीबाबानं ठेवलेलं. घरात त्याला वापोस म्हणत, म्हणजे ससा. कान तसेच होते. आईनं काठावर सेराफिनचा हात ओढून त्याच्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, "याला सोडू नकोस."

शाळेत पोचल्यावर पहिलं काम त्यांनी कोणतं केलं असेल, तर तो हात सोडवला. मुलगे एकीकडे, मुली दुसरीकडे. बहीण असली तरी भावाशी बोलायचं नाही. देवाच्या घरात भावाबहिणींचं काय बिघडतं ते त्या देवालाच ठाऊक! जेवणघरात मात्र समोरासमोर बाकं होती. सेराफिन चमचा वर करायची, ससा चमचा वर करायचा. झालं. वर्षभराचं बोलणं तेवढंच.

दुसऱ्या हिवाळ्यात एके सकाळी बाकावर ससा नव्हता. सेराफिननं सिस्टरला विचारलं. सिस्टर म्हणाली, "देवाघरी गेला." कसा गेला, कधी गेला, कुठं ठेवला, काही नाही. पेज थंड होतेय, खा म्हणाली.

जूनमध्ये होडी परत आली. आई काठावर उभी होती. सेराफिन उतरली. आईनं तिच्या मागं पाहिलं, मग होडीत पाहिलं, मग होडीतल्या पोत्यांच्या मागं पाहिलं. आणि मग विचारलं, "कुठं ठेवलंस त्याला?"

आईनं तिला दोष दिला नाही हो. पण तो प्रश्न मरेपर्यंत विचारला. मासे धुरी द्यायला टांगताना विचारला, बॅनकच्या रोट्या भाजताना विचारला, शेवटी शेवटी तर आजूबाजूची माणसं ओळखेनाशी झाली तरी हा प्रश्न तेवढा शाबूत राहिला. "कुठं ठेवलंस त्याला?" सेराफिनकडं उत्तर नव्हतं. मधली काही वर्षं तिनं ते बाटलीत शोधलं, तिथंही नव्हतं. मग बाटली सोडली, मासेमारांच्या तळावर स्वैपाकाला लागली, लग्न केलं, चार पोरं वाढवली. पोरांना जवळ घ्यायला तिला उशिरा आलं. थोरल्याला तर तो स्वतः बाप झाल्यावर पहिल्यांदा घेतलं. तो एवढा बावरला की त्याला वाटलं, आई आजारी आहे.

आणि या सगळ्यात ती विचारत राहिली. आपल्या पद्धतीनं. आपल्याकडे जाणत्या माणसाला काही विचारायचं तर आधी त्याच्या हातावर चिमूटभर तंबाखू ठेवायची. त्यानं घेतली म्हणजे तो उत्तर द्यायला बांधील झाला. द्यायचं नसेल तर घेऊ नये. एवढी साधी गोष्ट, शेंबड्या पोरालाही कळते.

पाद्र्यांना कळली नाही. पहिल्याच्या हातावर तिनं तंबाखू ठेवली तर त्यानं पाइपात भरली, दोन झुरके मारले आणि म्हणाला, "छान आहे, कुठून आणली?" दुसऱ्यानं हुंगली, शिंकला, आणि त्यांच्यात शिंकणाऱ्याला म्हणतात ते 'देव तुझं भलं करो' तिनं म्हणायची वाट पाहत बसला. तिसरा तरुण होता, जॉगिंग वगैरे करणारा. त्यानं धूम्रपानानं फुप्फुसं कशी जळतात यावर तिला अर्धा तास उपदेश केला. ज्यांच्या शाळेत पोरं खोकून खोकून मेली, त्यांना आता फुप्फुसांची काळजी! सेराफिननं मग पाद्र्यांवर तंबाखू वाया घालवणं बंद केलं.

पण ओनेझिमची गोष्ट वेगळी होती. तो पाद्री नव्हता, शाळेतला गडी म्हणा ना. डुकरं राखायची, भट्टीत लाकडं घालायची, आणि कुणी मेलं तर खड्डा खणायचा. त्यानं कधी पोरांवर हात उगारला नाही. दुसऱ्यांनी उगारलेला हात धरलाही नाही. अशा माणसाला शिवी द्यावी तरी पंचाईत आणि चांगलं म्हणावं तरी जीभ अडते. शाळा बंद पडली तेव्हा त्याला दक्षिणेला नेलं. तो मेला असंच सगळे धरून चालले होते.

कार्यक्रमाच्या दिवशी काठाला इतक्या होड्या लागल्या की पाणी दिसेना. जेवणघरात खुर्च्या मांडलेल्या, भिंतीवर बिंगोचा आकड्यांचा फळा तसाच टांगलेला, आणि त्याच्या बरोबर खाली बिशप. गोरा, गुबगुबीत, हात सतत एकमेकांत गुंतवलेले, जणू एक हात पळून जाईल अशी भीती. शेजारी त्यांची वकीलबाई. आणि चाकांच्या खुर्चीत, गुडघ्यांवर पांघरूण घातलेला, वाळक्या शेंगेसारखा ओनेझिम.

आपली सरपंच नोएला, सेराफिनच्या बहिणीची नात. ती कानाशी लागली. "आजी, पाया पडते, आज भांडण नको. टीव्हीवाले आलेत."

"मी कुठं भांडतेय? मी ऐकायला आलेय. ऐकू तरी दे."

बिशपनी कागद वाचायला घेतला. वकीलबाईनं त्यातल्या वाक्यावाक्याच्या उवा काढलेल्या असाव्यात. एकही वाक्य चावत नव्हतं. 'त्या काळातल्या समजुतींनुसार.' 'काही व्यक्तींकडून.' 'ज्यांना वेदना झाल्या असतील.'

"असतील!" मागून कुणीतरी म्हणालं. "ज्यांना झाल्या नसतील त्यांनी परत या म्हणतील, राहिलेल्या देऊ."

हशा पिकला. बिशपही हसले, त्यांना वाटलं, वातावरण मोकळं होतंय.

वाचून झाल्यावर त्यांनी लाल फडक्यात बांधलेली तंबाखूची पुडी काढली. कुणीतरी शहाण्यानं पढवलं होतं. दोन्ही हातांनी पुडी सेराफिनपुढे धरली. टीव्हीवाला वाकला.

"कशासाठी आहे ही?" सेराफिननं विचारलं. विचारायचंच असतं. घेण्याआधी माणूस काय मागतोय ते कळायला हवं.

बिशप गोंधळले. पढवणाऱ्यानं एवढं सांगितलं नव्हतं. "ही... आदर म्हणून. आणि तुमच्या क्षमेसाठी."

सेराफिननं दोन्ही हात शालीखाली घेतले.

बिशपचे हात पुढे तसेच. घेतली असती तर क्षमा देणं तिच्यावर आलं असतं, आणि तीही नुसती स्वतःची नाही, शाळेतून परत न आलेल्या बिनपत्त्याच्या सगळ्या पोरांची. बिशपना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त हात दुखत असल्याचं ठाऊक होतं. शेवटी त्यांनी पुडी टेबलावर ठेवली, मिठाईचा पुडा ठेवावा तशी.

मग सेराफिन उठली. गुडघे कुरकुरले, पण उठली. बिशपच्या पुडीला तिनं हात लावला नाही. चोळीच्या आतून स्वतःची चामड्याची पिशवी काढली, चिमूटभर तंबाखू घेतली, चाकांच्या खुर्चीपाशी गेली आणि ओनेझिमच्या उघड्या तळव्यावर ठेवली. आणि आपल्या क्री बोलीत म्हणाली, "ओनेझिम, मी कीसिकांची सेराफिन. माझा ससा कुठं पुरलास?"

वकीलबाईला शब्द कळले नाहीत, पण वकिलांना वास येतो. ती धावली. "ब्रदरांची प्रकृती बरी नाही! ब्रदर, तुम्ही काहीही बोलायला बांधील नाही!"

ओनेझिमनं तळव्याकडं पाहिलं. मग बोटं मिटली.

मागच्या खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्यांचा श्वास एकदम आत गेला. घेतली! त्यानं घेतली! चुकून नव्हे, चाळीस वर्षं तो आपल्यात राहिला होता, घेतली म्हणजे काय होतं ते त्याला पुरतं ठाऊक होतं. आणि तो बोलायला लागला तेही क्रीमध्येच. डुकरांच्या गोठ्यात पोरांकडून उचललेली क्री. गावंढळ, पोरकट, साठ वर्षांपूर्वीच्या पोरांची बोलायची ढब तशीच्या तशी.

"डुकरांच्या गोठ्यामागं," तो म्हणाला. "नदीकडं उतरताना बर्चची रांग आहे, तिच्या अलीकडं. जमीन गोठली होती. मी दिवसभर आग पेटवून ठेवली, मग खणली. घोंगडीत गुंडाळला होता. कान बाहेर येत होते, मी आत केले. त्याच रांगेत बाकीचेही आहेत. लाकडी क्रूस लावले होते मी. नंतरच्या मोठ्या पाद्र्यानं ते उपटून भट्टीत घातले आणि वर बटाटे लावले. मी काही बोललो नाही."

"बटाटे तू खाल्लेस?"

"खाल्ले."

"आम्हीही खाल्ले असणार," सेराफिन म्हणाली.

इकडे बिशपना वाटलं, चाललंय ते सगळं क्षमेचंच. म्हातारी गोठ्यातल्या म्हाताऱ्यापाशी उभी, दोघांचे डोळे ओले, हातात तंबाखू. त्यांनी स्वतःचेही डोळे पुसले. टीव्हीवाल्याकडं पाहून मान हलवली, आलं ना सगळं? आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकटेच. कुणी साथ दिली नाही, तरी बराच वेळ वाजवत राहिले.

कारण लोक उठले होते. एकेक म्हातारा, एकेक म्हातारी, काठ्या टेकत, पोरांचे खांदे धरत मागच्या दारानं बाहेर चालले होते, जुन्या गोठ्याच्या जागेकडं. प्रत्येकाचा कुणी ना कुणी त्या रांगेत असायची शक्यता होती. नोएलाही गेली, टीव्हीवाले वगैरे सगळं विसरून. खुर्च्या रिकाम्या झाल्या. चहा तसाच राहिला. बिशप टाळ्या थांबवून इकडे तिकडे पाहू लागले. वकीलबाईनं खांदे उडवले. तिलाही काही कळलं नव्हतं.

सेराफिन शाल सावरत दाराकडे निघाली होती. बिशप तिच्या मागं धावले.

"बाई, थांबा ना! लोक कुठं चाललेत? ब्रदर काय म्हणाले? आम्हालाही कळू द्या की!"

सेराफिननं उंबऱ्यावर पाय ठेवला, वळली, आणि म्हणाली, "शिकून घ्या, बिशपसाहेब. तुमची भाषा आम्ही तुमच्या पट्ट्याचा मार खात एका हिवाळ्यात शिकलो. तुम्हाला इथं कुणी मारणार नाही, तेव्हा थोडा जास्त वेळ लागेल, एवढंच."