मिस्टर डेलची बेसूर चाल

या, अशा जवळ सरका. दारात उभ्या उभ्या "काकू, कशा आहात?" विचारायचं आणि बूटही न काढता निघायचं, ही कुठली रीत? गणपतीला मंडळात भेटता, "नक्की येतो" म्हणता, आणि मग पुढच्या गणपतीलाच दिसता. बसा आता. ही गोष्ट घाईत ऐकायची नाही.

मी ज्यांच्या घरी कामाला जायचे ते मिस्टर डेल किचनच्या टेबलाशी बसून गुणगुणत होते आणि त्यांची मुलगी कॅरल टेनेसीहून व्हिडिओ कॉलवर होती.

"सुमन, हे दिवसभर असंच चालतं?"

"हो, बरंचसं."

"ना सूर ना चाल. मी दोनदा हाक मारली, डॅडनी वळून पाहिलं नाही. सोमवारी डॉक्टरांकडे असेसमेंट आहे. मला वाटतं, आता मेमरी केअरच."

मेमरी केअर म्हणजे ज्यांची आठवण गेली त्यांच्यासाठीचा विभाग. दाराला कोड असतो. आतल्या माणसाला तो कोणी सांगत नाही.

मी केअरगिव्हर. नर्स नव्हे हं. जेवण गरम करून द्यायचं, गोळ्यांची आठवण करून द्यायची, उठता-बसता धरायचं, सोबत करायची. इंग्रजी टीव्हीवरून शिकले. इथे अमेरिकेत, नोव्हायला मुलाकडे आले तेव्हा घरात सगळं होतं, फक्त बोलायला कोणी नव्हतं. मुलगा-सून ऑफिसात, नात म्हणायची, "आजी, आय हॅव होमवर्क." म्हणून हे काम धरलं. सोबत करायची म्हणून एजन्सी मला पगार देते. त्यात कोणाला कोणाची सोबत होते, ते एजन्सी विचारत नाही.

मिस्टर डेल मूळचे केंटकीचे. तरुणपणी कारच्या फॅक्टरीत नोकरीला इकडे आले आणि इथलेच झाले. मला "मिस सुमन" म्हणायचे, पाणी दिलं तरी "थँक यू, मॅम." बायको गेल्यापासून बोलणं कमी झालं आणि गुणगुणणं वाढलं. आता मी नगरला भजनी मंडळात पेटी वाजवलेली बाई. कानावर माझा भरवसा. भांडी घासता घासता त्यांची चाल धरायला जायचे, पण ती हाती लागायचीच नाही. त्याच दोन-तीन सुरांत घुटमळायची आणि मध्येच नको तिथे चढायची. मनात म्हटलं, बिचारे, गेलं डोकं.

त्याच आठवड्यात टपालातून त्यांच्या जुन्या चर्चचा कागद आला. शनिवारी दुपारी सदर्न गॉस्पेल क्वार्टेट, म्हणजे चौघांनी मिळून म्हणायची चर्चची भजनं. मिस्टर डेलनी कागदावर बोट ठेवलं. "मिस सुमन, मला तिथे ने."

एजन्सीत माझी सुपरवायझर टीना. तिला फोन लावला.

"सुमन, बाहेर नेणं केअर प्लॅनमध्ये नाही. पडले तर?"

"मी धरीन."

"तू? तुझंच वजन किती!"

"टीना, सोमवारनंतर त्यांना कोण नेणार आहे?"

"मुलीला विचार. आणि गेट बेल्ट लावल्याशिवाय गाडीतून उतरवू नकोस."

गेट बेल्ट म्हणजे पेशंटच्या कमरेला बांधायचा रुंद पट्टा. तोल गेला तर तो पकडून माणूस सावरता येतो. कॅरल म्हणाली, "ने. कुठे आलोत तेही कळायचं नाही त्यांना."

चर्चच्या दारात मी सवयीने चपलांचा स्टँड शोधला. सगळे बुटांसकट आत चाललेले पाहून तशीच गेले. बाकावर आम्ही दोघं. समोर चार पुरुष, एक पियानो. बस्स.

सुरू झालं आणि मी गोंधळलेच. आपल्याकडे दहा जण गायले तरी चाल एकच. इथे चौघं चार वाटांनी निघालेले. सर्वांत उंच आवाज तो टेनर. मुख्य चाल ज्याची तो लीड. सर्वांत खालचा बास, तो इतका खोल गेला की बाक थरथरला. चौथा म्हणजे बॅरिटोन, मधला. तो काय गातोय हे वेगळं काढताच येईना. पण सगळं मिळून जे यायचं, त्याने अंगावर काटा. लोक मध्येच "आमेन!" ओरडायचे. मीही न राहवून "वा!" म्हटलं. कोणी वळून पाहिलं नाही.

मग एका गाण्यात मिस्टर डेल गुणगुणू लागले. तेच, घरातलं. मला ओशाळल्यासारखं झालं. त्यांना थांबवायला दंडावर हात ठेवला, आणि तसाच राहिला. कारण ते बेसूर नव्हतं. समोर चष्मेवाला बॅरिटोन अगदी तेच गात होता, जिथे घुटमळायचं तिथे घुटमळत, नको तिथे चढत. तेवढ्यात मिस्टर डेलचे शब्द सुटले. कडव्यामागून कडवं, कुठेही न अडखळता. मी फोन काढला आणि आधी समोरचा, मग शेजारचा, असं दोघांना टिपलं.

कार्यक्रम संपल्यावर चष्मेवाला खाली आला आणि त्यांच्या कानाशी वाकला. "सर, बॅरिटोन?"

"फॅक्टरीतले चौघं होतो. रविवारी इथेच गायचो. ते तिघं गेले पुढे."

"बॅरिटोन आजारी पडल्याशिवाय त्याची आठवण कोणाला होत नाही," तो म्हणाला. मिस्टर डेल हसले. त्यांचं हसू मी पहिल्यांदा पाहिलं.

म्हणजे इतके महिने हा माणूस टेबलाशी बसून आपल्या वाट्याचं गाणं चोख गात होता. बाकीचे तिघं तेवढे नव्हते.

कॅरलने व्हिडिओ पाहिला. परत पहिल्यापासून लावला. मग म्हणाली, "लहानपणी दर रविवारी ऐकायचे मी. पण चौघांना. डॅडना एकट्याला कधी ऐकलंच नव्हतं."

सोमवारी डॉक्टरांनाही तो व्हिडिओ दाखवला. नीट तपासणी झाली. कान फार गेलेत, डोकं शाबूत आहे, असं निघालं. हिअरिंग एड आलं. मेमरी केअर कॅन्सल झालं. कॅरलने त्यांना टेनेसीला आपल्याच घरी नेलं. तिच्या चर्चला क्वायर आहे, सगळ्यांनी मिळून गाणारा गट. निघताना म्हणाले, "मिस सुमन, यू कम सी मी."

कामातला माझा धडा एवढाच. एकट्या माणसाचं गाणं जुळत नसेल, तर बेसूर म्हणण्याआधी बाकीचे कुठे गेले ते विचारावं.

आता माझ्याकडे एक नवीन क्लायंट बाई आहेत. त्या टीव्ही बघतात, मी त्यांच्याकडे बघते. घरी आले की भांडी घासताना नगरचं भजन म्हणते. चाल माझी पक्की आहे, पण ध्रुवपद उचलायला मागे कोणी नसतं.

तेव्हा या लवकर. या शनिवारीच या. गाता येत नसलं तरी या. फोन न करता आलात तरी चालेल, मी घरीच असते.