इंतांगची बेस गिटार आणि माझे सहा गाऊन

माझ्या सुनेचं नाव विसेन्ता, पण सगळं गाव तिला इंतांग म्हणतं. आमच्या घरात ती आली तेव्हा मला तिचे हात बघून जरा वाईट वाटलं होतं. बोटं रुंद, अंगठा जाड, नखं बारकी. मी एकतीस वर्षं कारखान्यात गिटारी घासून गुळगुळीत केल्या आहेत. आमच्या मक्तान बेटावर अर्ध्या घरांतून गिटारीच होतात. त्यामुळे माणसाकडे बघताना माझी नजर आधी हातांकडे जाते. मनात म्हटलं, माझ्या लेकानं, रोमिंगनं, बायको आणलीन की सुतार?

त्या हातांनी काय काय केलं ते सांगते.

इंतांग पुसॉ विकते. नारळाच्या कोवळ्या पात्यांची मुठीएवढी पोटली विणायची, तिच्यात तांदूळ भरायचे आणि उकडायचे. भाजलेल्या डुकराबरोबर, माशाबरोबर आमच्याकडे हाच भात. एक पोटली विणेपर्यंत माझा अजून अख्खा चहा पिऊन होतो. इंतांग दुसऱ्या कुणाशी भांडताभांडता चार विणते. पात्याच्या पट्ट्या तिच्या बोटांतून अशा निसटतात की बघणाऱ्याला वाटावं, पट्ट्याच तिला विणतायत.

आमच्या सान रोकेच्या देवळात प्रार्थनेला बँड असतो. दोन गिटारी, ढोल, गाणाऱ्या बाया आणि एक बेस गिटार. ती वाजवायचा म्हातारा तिबो. दर रविवारी प्रार्थना संपली की इंतांग बाकं पुसायला थांबायची आणि तिबो तिला बेस हातात द्यायचा. "चारच तारा आहेत गं," तो म्हणायचा, "पुसॉपेक्षा सोपं आहे." पाच वर्षं अशी बाकं पुसून ती शिकली. गुडघे दुखायला लागल्यावर तिबो उठून उभा राहीना, तेव्हा तीच वाजवायला लागली, त्याच्याच गिटारीवर.

मग यंदा जूनमध्ये तिबोची मुलगी त्याला आपल्याकडे दावावला घेऊन गेली. गिटार त्याच्याबरोबर गेली. माणसाची आयुष्यभराची वस्तू, ती मागणार कशी?

बँड मानांग मिलिंगच्या ताब्यात आहे. मानांग म्हणजे ताई, पण मिलिंगला बघितलं की ताईपेक्षा फौजदारच आठवतो. ती म्हणाली, "इंतांग, सोळा ऑगस्टला सण आहे. तोवर स्वतःची बेस आणलीस तर जागा तुझी. नाहीतर माझा भाचा की-बोर्ड घेऊन येईल. डाव्या हातानं बेसचं काम भागवतो तो."

"डाव्या हातानं?" इंतांग म्हणाली.

"उजव्या हातानं बाकीचं सगळं वाजवतो. हुशार आहे."

घरी येऊन इंतांग पोटल्या विणायला बसली. त्या दिवशी त्या इतक्या घट्ट विणल्या की भात आत शिजायला तयार होईना.

दुधाच्या डब्यात तिचे सहा हजार पेसो होते. त्यातच गिटार, त्यातच स्पीकरला जोडायची तार, त्यातच खांद्याचा पट्टा. नवीन चांगली घ्यायची तर डबे तीन लागले असते. म्हणून आम्ही दोघी पूल ओलांडून मांदाउएला गेलो. तिथं जपानचा जुना माल विकणाऱ्या वखारी आहेत. सायकली, कपाटं, बाहुल्या, चिनी मातीच्या वाट्या आणि भिंतीला टांगलेल्या गिटारी. मला मुद्दाम नेलं होतं. "लाकडातलं तुम्हाला कळतं, नानाय," इंतांग म्हणाली. नानाय म्हणजे आई. सासूला हे वाक्य रोज ऐकायला मिळत नाही. मी केस नीट बांधून निघाले.

पहाटेच निघालो, कारण भवानी साधायची होती. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक दुकानदार रिकाम्या हातानं जाऊ देत नाही. आमच्याकडे त्यासाठी भाव खाली येतो, आणि तो आपल्या तोंडानं खाली आणावा लागतो.

दुकानदार सिस्को शटर वर करत होता. "लोला, कोंबड्यांच्या आधी?" लोला म्हणजे आजी.

"कोंबड्यांकडे पैसे नसतात. आमच्याकडे आहेत. थोडेच आहेत, पण तुझी भवानी करू."

भिंतीवर तीन बेस होत्या. एक लाल, चकचकीत. तिच्या मानेवरून एक डोळा मिटून बघितलं. मान केळ्यासारखी वाकलेली. ती सोडली. दुसरी काळी, सबंध लाकडाची, जड, कोपरे झिजलेले. तिसरी तपकिरी, पोकळ पोटाची, पोटावर दोन वाकड्या फटी, खाली छान नक्षी.

इंतांगनं काळी उचलली. वीज गेलेली होती, दहाला येईल म्हणाला सिस्को. स्पीकरला जोडून ऐकायची सोय नव्हती. मग तिनं काय केलं, गिटारीच्या कडेवर हनुवटी टेकवली, डोळे मिटले आणि तार छेडली. बराच वेळ तशीच राहिली.

"नानाय, हिचा आवाज मला हनुवटीत ऐकू येतोय. सरळ आहे. कुठे अडत नाही."

मी पुढे झाले. बोटाचं पेर वाकवून काळीच्या अंगावर ठोकलं. ठक. चॉपिंग बोर्डासारखा आवाज. आमच्या कारखान्यात म्हण होती, मुकं लाकूड चुलीत. मग तपकिरीवर ठोकलं. ढुम्म्. सबंध वखार ऐकत राहिली.

"ही बघ," मी म्हटलं. "ही बोलते. ती काळी म्हणजे पाट आहे."

"पण विजेवर वाजवायची आहे ना? दहा वाजेपर्यंत थांबू या का? दोन्ही लावून बघू."

"थांबलो तर भवानी दुसऱ्याची होईल. भवानीमुळे हजार तरी वाचतील, त्यात तार येईल, पट्टा येईल."

इंतांगनं काळीकडे एकदा बघितलं आणि भिंतीला परत टांगली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

तपकिरी सहा हजारांची होती, ती पाच हजारांवर आणली. सिस्कोनं नोटा हातात घेतल्या आणि भवानीच्या पैशांनी आजूबाजूच्या सगळ्या मालाला चापट्या मारल्या, काळीलासुद्धा. "नशीब येऊ दे, नशीब येऊ दे." मग मला म्हणाला, "लोला, भवानीचा माल परत घेत नाही हं. दिवसाचं नशीब उलटतं."

"परत कोण आणतंय?" मी म्हटलं. पुलावरून येताना मी जीपनीतल्या सगळ्या उतारूंना ती गिटार दाखवली.

रविवारी देवळात तालीम. मीही गेले, पुढच्या बाकावर बसले. इंतांगनं तार स्पीकरच्या खोक्याला जोडली. पहिला सूर वाजला आणि तो थांबेचना. वाढत गेला, वाढत गेला, ऊऊऊ करत देवळाच्या पत्र्यापर्यंत. इंतांगनं तारांवर हात ठेवला, तरी ओरडतेच. गाणाऱ्या बायांनी कान झाकले.

मिलिंग म्हणाली, "इंतांग, म्हैस व्यायली का?"

देऊळ लहान. स्पीकर आणि वाजवणारा यांच्यात दोन पावलं. लांब उभं राहायला जागाच नाही. इंतांगनं आवाज कमी केला तर ढोलापुढे ऐकू येईना, वाढवला की म्हैस. ढोलवाला म्हणाला, विजेच्या गिटारीला पोट नसलेलंच बरं, पोटात आवाज फिरतो आणि परत स्पीकरमध्ये शिरतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! पण सांगितलं होतं की. हनुवटीनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

"अजून चार दिवस आहेत," मिलिंग म्हणाली. "भाच्याला निरोप देऊन ठेवते. राग मानू नकोस."

घरी येताना इंतांग पुढे, मी मागे. मी वाट बघत होते की ती आता म्हणेल, मग म्हणेल. मी उत्तरंही तयार ठेवली होती. दारात आल्यावर ती वळली आणि म्हणाली, "नानाय, गुडघा दुखतोय का तुमचा? हळू चालताय."

त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच म्हटलं, चल देवळात, किल्ली आण. तिनं गिटार जोडली, वाजवली, म्हैस ओरडली. मी उठले आणि दोन्ही तळवे गिटारीच्या पोटावर ठेवून अंग टेकवलं. कारखान्यात एखाद्या गिटारीचा एकच सूर भसाभसा वाजायला लागला की आमचा उस्ताद असा हात ठेवून रोग शोधायचा. ओरडणं अर्ध्यावर आलं.

"नानाय," इंतांग म्हणाली, "सणाच्या दिवशी तुम्ही अशाच मिठी मारून उभ्या राहणार का?"

"मी नाही. माझे गाऊन राहतील."

घरी माझे आठ गाऊन होते, फुलाफुलांचे, धुऊन धुऊन मऊ झालेले. घासकामाला तेच कापड लागायचं, नवं कापड लाकडाला ओरखडे काढतं. त्यातले सहा काढले. रोमिंग रिक्षा लावून जेवायला आला तर आई कपडे फाडत बसलेली आणि बायको गिटारीच्या फटीतून मासे भाजायच्या काडीनं चिंध्या आत ढकलतेय.

"हे काय चाललंय?"

"जास्त बोलणाऱ्याचं तोंड बंद करतोय," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "घरात आणखी एक आहे. चिंध्या उरल्या तर बघा."

सगळे सहा भरले तेव्हा गिटार पारच मुकी झाली, खरोखरचा पाट. मग एक गाऊन परत काढला, जांभळा. तोही अर्धा. परत देवळात, परत घरी, परत देवळात. तिसऱ्या फेरीला इंतांगनं सूर लावला आणि तो आला, थांबला, आणि जिथं थांबवला तिथंच राहिला. तिनं गिटारीच्या कडेवर हनुवटी टेकवली, डोळे मिटले. मी उरलेला अर्धा गाऊन घडी केला. चेहरा दिसत होता.

सणाच्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. भाचा आला होता, की-बोर्ड न आणता, पाहुणा म्हणून. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा बेस मला कानाला आधी लागलीच नाही. बाकातून लागली, पाठीला, मग पायाच्या तळव्याला. सगळ्या बाया एरवी पुढे पळतात, त्या दिवशी एकत्र चालल्या. खाली कुणीतरी धरून ठेवलंय हे त्यांना कळत होतं. इंतांगचा तो जाड अंगठा तारेवर पडला तेव्हा मला वाटलं, देवानं सुतार पाठवला तेच बरं केलं.

प्रार्थनेनंतर अंगणात पुसॉ आणि भाजलेलं डुक्कर. शेजारच्या देवळाचा बँडवाला आला, गिटार हातात घेऊन उलटसुलट बघितली. "किती छान गोल आवाज आहे. कुणी निवडली ही?"

मी ताटाकडे बघत राहिले.

"आमच्या नानायनी," इंतांग म्हणाली. "एकतीस वर्षं गिटारी घासल्यात त्यांनी. दुकानात ठोकून बघितली आणि हीच घे म्हणाल्या."

"आणि हे आत काय आहे? फुलं दिसतात फटीतून."

"तेही त्यांचंच आहे," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात एक पोटली सोडून ठेवली, मऊ शिजलेली.

त्या काळ्या गिटारीचं नाव तिनं अजून काढलेलं नाही. माझ्याकडे आता अडीच गाऊन आहेत. पुरतात.