पुसता न येणारं नाव

कल्याणला कॉम्प्युटरचा कोर्स करून मी मुरबाडला परतले आणि नोकरी लागेपर्यंत आमच्या वाचनालयाचा डेटाबेस करून द्यायचं कबूल केलं. ग्रंथपाल काका भातसानगरला धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले. कॉम्प्युटरला हात लावायचा झाला तर आधी धोतराला हात पुसत.

मी तीन टेबलं केली होती: सभासद, पुस्तकं आणि देवघेव. देवघेवीतली प्रत्येक नोंद फॉरेन की नावाच्या दुव्याने सभासदाशी आणि पुस्तकाशी बांधलेली.

एका दुपारी काका सभासदांच्या यादीतलं एक नाव दाखवत म्हणाले, "ही पोर लग्न होऊन धसईला गेली. नाव काढून टाक तिचं."

मी डिलीट दाबलं. मशीनने साफ नकार दिला.

"बिघडला काय गो?"

"नाही काका. तिच्याकडे एक पुस्तक आहे. नाव पुसलं तर पुस्तक गेलेलं दिसेल, पण नेलं कोणी ते कळणार नाही. म्हणून मी घातलेला नियम अडवतोय." बोलताना मी हरखून गेले होते. क्लासमध्ये घोकलेली रेफरेन्शियल इंटिग्रिटी पहिल्यांदाच कोणाच्या तरी कामाला आली होती.

"मग तेवढा नियम काढ ना."

"त्यापेक्षा पुस्तकच आणू या!"

दुसऱ्या दिवशी आम्ही धसईची एसटी धरली. घर सापडलं ते आवाजावरून. ओटीवर बाया वाल सोलत बसल्या होत्या आणि मधोमध ती मोठ्याने कादंबरी वाचत होती. काकांना बघताच तिने पुस्तक पदराआड केलं.

"रागावू नका काका. या बायांना ऐकल्याबिगर करमत नाय. तिसऱ्यांदा वाचतेय."

तिची सासू पुढे झाली. "न्या तुमचं पुस्तक. पण दुसरं द्या. यातलं आमाला सगळं पाठ झालंय."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. भाकरी खाल्ल्याशिवाय कोणी आम्हाला सोडलं नाही. परतताना एसटीत ते त्याच कादंबरीत डोकं घालून बसले. मुरबाड आलं तरी उठेनात.

पुढच्या आठवड्यात सासू-सुना वाचनालयात हजर. सासूला अक्षरओळख नव्हती, तरी तिने स्वतःच्या नावाने सभासदत्व घेतलं.

"वाचील ती. निवडणार मी," असं म्हणत तिने कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक उचललं आणि काखेत मारलं.