आईची तुळस आणि माझी सरळ रेघ

सर्व नातेवाईक, शेजारी आणि चाकणच्या कंपनीतले सहकारी यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पन्नाशी उलटल्यावर मी हातावर टॅटू काढून घेतला आहे. हसण्यापूर्वी हकीकत ऐकावी.

आमच्या आईच्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं आहे. चऱ्होलीत शेतं होती तेव्हाचं! शेतांत इमारती उगवल्या आणि आईच्या हातावरची तुळस सुरकुत्यांत विरघळत चालली. तिची श्रद्धा अशी, की मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं. म्हणजे ती गेली की तुळसही जाणार! ही व्यवस्था मला अजिबात मान्य नव्हती. ठरलं, तीच तुळस माझ्या हातावर!

"या वयात?" बायको म्हणाली. "पोरीनं काढला असता तर घर डोक्यावर घेतलं असतंत."

(घेतलं असतं. पण मुद्दा तो नव्हता.)

कंपनीत मी सुट्या भागांची ड्रॉइंग करतो. आईच्या हातावर ट्रेसिंग पेपर ठेवून तुळस उतरवली, तर काय! वृंदावन एका अंगाला कललेलं, डावीकडे पानं जास्त, उजवीकडची फांदी मध्येच मुरगळलेली. असलं ड्रॉइंग साहेबांपुढे ठेवलं असतं तर त्यांनी मलाच भंगारात काढलं असतं! कॉम्प्युटरवर बसलो. मध्यरेषा आखली, डावं-उजवं सारखं केलं, मापं टाकली. इतकं निर्दोष वृंदावन पृथ्वीतलावर झालं नसेल!

थेरगावात डांगे चौकाजवळ टॅटू काढणाऱ्या भूषणने कागद फिरवून फिरवून पाहिला.

"काका, कुठल्या गाडीचा पार्ट आहे हा?"

"अरे, तुळस आहे ती!"

आईला मी सोबत नेलं होतं. (कौतुक करायला कुणीतरी हवं!) तिने चष्मा लावला.

"लई देखणं हाय. पण ह्ये माझं न्हाई."

"तुझंच आहे, आई. फक्त चुका काढल्यात."

"आन् माझी फांदी?"

"वाकडी होती ती."

"व्हनारच की! सुई टोचली तसा मी हिसडा मारला. माझ्या आईनं मला मांडीत दाबून धरलं व्हतं. माझ्यापरीस तीच जास्त रडली."

त्या आजीचा एक फोटोसुद्धा आमच्याकडे नाही. ती उरली होती त्या वाकड्या फांदीत, आणि ती मी चूक समजून काढून टाकली होती.

भूषणने माझा कागद बाजूला सारला. आईचा हात शेजारी ठेवून, बघून बघून, पेनने माझ्या हातावर तुळस काढली. कललेली, डावीकडे जास्त पानांची. हुबेहूब! अडलं ते फांदीपाशी. तो काढायचा, आई म्हणायची, "तसं न्हाई." तो पुसायचा.

"काका, मुद्दाम वाकडं काढलं की ते मुद्दामच दिसतं," तो कंटाळून म्हणाला.

"मग घे सरळ," मी सुस्कारा सोडला.

"हात धरू का रं?" आईने विचारलं.

"आई, मी काय लहान आहे? मी नाही हिसडा मारणार!"

सुई फांदीवर आली मात्र, आणि मी अशी बोंब ठोकली की बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला! हाताला हिसडा बसला. रेघ मध्येच मुरगळली. भूषणचा चेहरा पांढराफटक. आईने दोन्ही हातांनी माझं मनगट गच्च धरलं, फांदीकडे वाकून पाहिलं, आणि भर दुकानात ओरडली,

"आत्ता जमलं बघ! मी बी हितंच वरडले व्हते!"