सरांचं सोनेरी घड्याळ

मंचरजवळच्या आमच्या शाळेत मस्कतला चार वर्षं शिकवून आलेले गणिताचे सर होते. तिथं निरोपाला मिळालेलं सोनेरी घड्याळ दिसावं म्हणून ते बाही वर सारूनच खडू उचलायचे. प्रत्येक वाक्य 'तिकडं'नं सुरू. इकडचं त्यांना काही पटत असेल तर तो पगार.

झाडलोट करणाऱ्या मावशी निवृत्त होणार होत्या. आम्ही त्यांना साडी-चोळी द्यायचं ठरवत होतो, तर सर म्हणाले, "तिकडं उलटं असतं, राव. जाणाऱ्यानं सगळ्यांना भेट द्यायची. मॅनर्स असतात."

मावशींनी ते दारातून ऐकलं. शेवटच्या दिवशी त्या सगळ्यांसाठी शेंगदाण्याचे लाडू घेऊन आल्या. सरांनी दोन उचलले आणि वर म्हणाले, "तिकडं बॉक्समध्ये पॅक करून देतात."

मावशींचा चेहरा उतरला. मला राहवेना. "सर, मग निघताना तुम्हाला हे घड्याळ कसं मिळालं?"

घड्याळावर सांडलेला लाडवाचा चुरा त्यांनी फुंकला.

"त्यान्ला आपली रीत सांगितली व्हती ना! आपल्यात जाणाऱ्याला देतात."