सुखवंतला मारतं कोण

इंग्लंडमधल्या स्मेथविकच्या आमच्या गल्लीत घरं एकमेकांना चिकटून आहेत. माझ्या भिंतीच्या पलीकडे सुखवंत राहते. त्या भिंतीतून मी तिच्या लग्नाची गाणी ऐकली, बाळंतपणाच्या कळा ऐकल्या, आणि गेलं वर्षभर तिला पडणारा मारही ऐकतेय.

मारणारा तिचा सासरा, चनणसिंग. ओतकामाच्या कारखान्यात जन्म गेला, म्हातारपणीही हात हातोड्यासारखे. गुरुद्वाऱ्यातलं लंगर यांनीच उभं केलं, अजून लोक वाकून पाया पडतात. पण त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस निघून जायला लागलं. आधी नातवंडं गेली, मग सून. आता अंघोळीसाठी ती त्यांचा सदरा काढायला गेली की त्यांना घरात शिरलेली चोरटी बाई दिसते. एकदा तिचं डोकं नळावर आपटलं. एकदा तिच्याच ओढणीने गळा आवळला. कुलबीर, तिचा नवरा, बसची ड्यूटी संपवून तेवढ्यात घरात शिरला म्हणून वाचली, नाहीतर त्याच दिवशी तिला खांदा द्यायची वेळ होती.

"अगं, मरशील एक दिवस!" मी तिला ओरडले. "डॉक्टरला सांग, गुरुद्वाऱ्यात सांग. चार हात मदतीला येतील."

"काय सांगू, बंसो चाची? बापूजींना वेड लागलंय म्हणून? आज पाया पडतात तेच उद्या तोंड फिरवून हसतील."

कुलबीर तर तिच्याहून शहाणा! "माझी अब्रू गेली तर जाऊ दे चाची, बापूंची पगडी राहू दे. तुला गुरूची आण आहे, कुठे बोललीस तर."

जळो ती पगडी! पण आण घातली मेल्याने, आणि मी गिळून बसले.

लंगरात रोट्या लाटताना तिचा काळानिळा डोळा सगळ्या बायकांनी पाहिला. कुणी चकार शब्द काढला नाही. नवरा मारतो, त्यात विचारायचं काय? आमच्या लोकांत बायकोला मारणारा नवरा खपतो. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय हे खपत नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग तो डोळा तिच्या भावाने, बलकारने पाहिला.

रविवारी दुपारी तो दोन चुलतभावांना घेऊन कॉव्हेंट्रीहून आला. कुलबीर दारापुढे कचऱ्याचा डबा ओढत होता.

"माझ्या बहिणीवर हात टाकतोस, हरामखोरा?" म्हणत बलकारने पहिला गुद्दा तोंडावरच हाणला. ओठ फाटला. दुसऱ्या गुद्द्याला पगडी उडून चिखलात पडली. मग तिघांनी मिळून त्याला लाथांनी तुडवला. बरगडी मोडल्याचा आवाज मी माझ्या दारातून ऐकला.

लाटणं घेऊन धावलेच मी. "थांबा रे मुडद्यांनो! तो नाही, तो..."

जमिनीवरून कुलबीरने माझ्याकडे पाहिलं. रक्ताने भरलेल्या तोंडाने मान हलवली, नको म्हणून. मग बलकारला म्हणाला, "हो, मीच मारतो तिला. हाण."

असा गाढव मी जन्मात पाहिला नाही. मला रडूच फुटलं.

तेवढ्यात सुखवंत ओल्या हातांनी बाहेर धावली. चिखलात नवऱ्याची पगडी दिसली तशी आधी ती उचलायला वाकली. तिच्या मागोमाग म्हातारा काठी घेऊन दारात आला.

"चोरटे! माझ्या पोराची पगडी पळवतेस?"

काठी तिच्या डोक्यात बसली. दुसरी बोटांवर बसली, तरी तिने पगडी सोडली नाही. बलकार लाथ उगारलेला तसाच थिजला. कुलबीर सरपटत गेला आणि बायकोवर आडवा पडला. पुढचा तडाखा त्याच्या पाठीवर पडला.

"बापू, मी आहे. कुलबीर."

"कोण कुलबीर?" म्हातारा म्हणाला, आणि आणखी एक हाणली.

सुखवंत त्याच्याखालून उठून बसली. डोळ्यावर रक्ताचा ओघळ. घराघरांतून लोक बघत होते, ती त्यांच्यावरच कडाडली. "ऐका सगळ्यांनी! माझा नवरा मला मारत नाही. बापूजी मारतात. त्यांना आजार झालाय, मी त्यांना ओळखू येत नाही. आणि मी दमलेय, समजलं? कुणाला मदतीला यायचं असेल तर या, नाहीतर खिडक्या लावून घ्या!"

दोन खिडक्या लागल्याही.

बलकारने बहिणीच्या हातातून पगडी घेतली, स्वतःच्या शर्टाने पुसली आणि खाली मान घालून कुलबीरपुढे धरली. "जीजा..."

"ती राहू दे रे," कुलबीर कसाबसा बोलला. "आधी बापूंच्या हातातली काठी घे. हळू घे, तोल जातो त्यांचा."

सुखवंतच्या डोक्याला टाके पडले, कुलबीर बरेच दिवस वाकून चालला. आता लंगरातल्या दोघी आळीपाळीने येतात. बाकीच्या आम्हाला बघून रस्ता ओलांडतात, खुशाल ओलांडोत. शनिवारी बलकार येतो आणि म्हाताऱ्याला अंघोळ घालतो. धपाधप आवाज येतो भिंतीतून, मधेच त्याचा आवाज, "मारा बापूजी, मारा, पण साबण डोळ्यांत जाईल, मिटा बघू."

तेवढा वेळ सुखवंत माझ्याकडे येते. चहासुद्धा घेत नाही, सोफ्यावर पडल्या पडल्या झोपते. पलीकडे काही आदळलं की मी दचकते, ती जागी होत नाही. फक्त झोपेतच एक हात चेहऱ्यासमोर आडवा धरते.