मानपत्रातून ताईंना वगळलं तेव्हा

"सुजाता, 'गौरव' शब्द काढ," फादर फोनवर हात ठेवून म्हणाले.

मी काढला.

"'सन्मान' पण काढ."

तोही काढला. "'अभिनंदन' राहू दे का, फादर?"

त्यांनी फोनवर विचारलं. पलीकडचं ऐकून माझ्याकडे बघत नकारार्थी मान हलवली.

मी लोणावळ्याच्या एका कॅथलिक कॉलेजात बी.ए.ला आहे. 'कमवा आणि शिका' योजनेत, म्हणजे लेक्चर संपल्यावर कॉलेजातच काम करून, मी खर्चापुरतं मिळवते. मला प्रिन्सिपल फादरांच्या ऑफिसात टायपिंग आहे. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे मराठी टाइप करता येतं म्हणजे मानपत्रही लिहिता येईल, असं फादरना वाटलं आणि मला नाही म्हणता आलं नाही.

मानपत्र होतं विधान परिषदेतल्या एका आमदार ताईंचं. कान्हे स्टेशनच्या पलीकडच्या आमच्या गावापासून थेट कॉलेजपर्यंत एसटी त्यांनी सुरू करून घेतली. पण ती 'प्रायोगिक तत्त्वावर', म्हणजे चालली तर चालली. ताईंनी जोर लावला तरच ती कायम होणार होती. गाडी गेली असती तर आमच्या गावच्या बऱ्याच मुलींचं कॉलेज गेलं असतं. त्यात मी होते.

अडचण निराळीच निघाली. गर्भपाताचा निर्णय ज्या त्या बाईने स्वतः घ्यावा, असं भाषण ताईंनी सभागृहात केलं होतं. चर्चची शिकवण याच्या अगदी उलट. कार्यक्रमाची पत्रिका बिशप हाऊसला, म्हणजे बिशपांच्या ऑफिसात पोचली आणि तिथल्या सेक्रेटरी फादरांचा फोन आला. ते म्हणाले, ताई पाहुण्या म्हणून येऊ देत. पण कॅथलिक कॉलेजने त्यांचा सन्मान केला, तर त्यांचं म्हणणं आपल्याला पटतं असं लोक समजतील.

"तुम्हाला पटतं का, फादर?" मी विचारलं. विचारल्यावर वाटलं, उगाच विचारलं.

"नाही पटत." आमचे फादर वसईचे, बोलायला सरळ. "ताईंना तोंडावर सांगितलंय मी. त्या म्हणाल्या, फादर, तुम्ही कधी गरोदर राहिलात का?"

मी हसू दाबलं. माझं मत त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी दोघांचंही थोडं थोडं पटतं, असंच काहीतरी पुटपुटले असते.

घरी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"म्हंजी बाईनं लेकींसाठी गाडी आणली, आन तिला नारळ बी द्यायचा न्हाई?"

"नारळ चालेल बहुतेक. मानपत्र नको म्हणतात."

"मग नारळच द्या की. मानपत्राची काय चटणी हुती व्हय?"

दुसऱ्या दिवशी फादरनी तोडगा काढला. "फक्त कामाबद्दल लिही. व्यक्तीबद्दल एक अक्षर नको."

मी अगदी मन लावून बसले. 'कुशल नेतृत्व' काढलं. 'कणखर व्यक्तिमत्त्व' काढलं. ताईंचं नावही काढलं. उरलं ते असं: 'पावसात, धुक्यात वेळेवर येणारी, कितीही गर्दी झाली तरी कुणाला मागे न ठेवणारी, लेकींना कॉलेजच्या दारात सुखरूप पोचवणारी...'

फादरनी दोनदा वाचलं. "सुजाता, हे कुणाचं मानपत्र आहे?"

"एसटीचं झालंय का, फादर?"

ते एवढे हसले की शिपाई आत डोकावला. मग त्यांनी स्वतःच बिशप हाऊसला फोन लावला. "आम्ही गाडीचा सत्कार करतोय... हो, बसचा... नाही फादर, तिने कुठल्याच विषयावर भाषण केलेलं नाही."

परवानगी मिळाली.

आता भीती ताईंची होती. त्या रागावल्या तर गाडीही गेली. कार्यक्रमाच्या दिवशी गेटपाशी एसटी उभी राहिली, पुढच्या काचेखाली झेंडूचा भला मोठा हार. ड्रायव्हर शेळकेभाऊंना फेटा बांधला, तर ते म्हणाले, "आता ह्ये घालून गाडी चालवायची का?" नारळ ताईंनी फोडला. नारळाबद्दल बिशप हाऊसला कुणी विचारलंच नव्हतं.

मी मानपत्र वाचलं. ताई पहिल्या रांगेत, चेहरा कोरा. माझं संपलं तशा उठल्या आणि माइक घेतला.

"फादर, माझा सत्कार का टळला ते मला समजतं. माझं मत मी सोडणार नाही. तुम्हीही तुमचं सोडू नका." मग त्या पहिल्याच रांगेत बसलेल्या एसटीच्या डेपो मॅनेजरकडे वळल्या. "साहेब, मला शाल मिळाली असती तर ती कपाटात गेली असती. पण हार गाडीला पडलाय, सगळ्यांदेखत. आता ही बंद करायची, तर तो काढायला तुम्ही स्वतः या."

मुलींनी टाळ्यांचा कडकडाट केला. मॅनेजरसाहेबांनी रुमालाने मान पुसली आणि उठून माइकवर म्हणाले, "चालू राहील."

गाडी कायम झाली. मी आजही त्याच गाडीने येते, आणि ऑफिसात अजून मानपत्रं टाइप करते. एक सवय मात्र लागली आहे. मसुदा हातात आला की आधी त्यातून माणूस वगळून बघते. बहुतेक वेळा खाली काहीच उरत नाही.